विश्लेषण : उत्क्रांतीच्या आधी डार्विन दगड वाचत होता! अँडीज पर्वताने त्याला काय शिकवले?

चार्ल्स डार्विन म्हटले की गॅलापागोस बेटे, तिथले पक्षी आणि उत्क्रांतीचा सिद्धांत डोळ्यांसमोर येतो. पण ‘बीगल’ जहाजावरच्या जवळपास पाच वर्षांच्या प्रवासात त्याने लिहिलेल्या टिपणांची पाने मोजली, तर वेगळेच चित्र दिसते. प्राणिशास्त्रावर ३६८ पाने आणि भूगर्भशास्त्रावर तब्बल १,३८३. गॅलापागोसला पोहोचण्याच्या सहा महिने आधी, मार्च-एप्रिल १८३५ मध्ये, २६ वर्षांच्या डार्विनने खेचरांच्या तांड्यासह अँडीज पर्वत एका वाटेने ओलांडला आणि दुसऱ्या वाटेने तो परतला. या प्रवासात त्याला पर्वतमाथ्यावर समुद्रातले शिंपले दिसले आणि ओसाड डोंगरात दगड झालेले जंगल सापडले. त्यावरून त्याने काढलेले काही निष्कर्ष आजही टिकून आहेत, काही साफ चुकले. पण पृथ्वीच्या प्रचंड वयाची जाणीव त्याला इथेच पक्की झाली आणि तिच्याशिवाय उत्क्रांतीचा सिद्धांत उभाच राहिला नसता.

भूगर्भशास्त्राचा कंटाळा असलेला विद्यार्थी…

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूसबरी येथे झाला. वडील नावाजलेले डॉक्टर. मुलानेही डॉक्टर व्हावे म्हणून त्यांनी त्याला १८२५ मध्ये एडिंबरोला पाठवले. तिथे त्याने रॉबर्ट जेमसन यांची भूगर्भशास्त्राची व्याख्याने ऐकली आणि ती इतकी रटाळ वाटली, की या विषयाचे पुस्तक पुन्हा हाती धरायचे नाही असे त्याने ठरवून टाकले. बहुतेक खडक पाण्यातूनच तयार झाले, असे मानणाऱ्या पंथाचे जेमसन हे पुरस्कर्ते होते. वितळलेल्या खडकातून तयार झालेल्या भिंतीसुद्धा वरून आलेल्या गाळाने भरलेल्या भेगा आहेत, असे ते विद्यार्थ्यांना सांगत.

डॉक्टरकी जमली नाही. मग धर्मोपदेशक होण्यासाठी डार्विन केंब्रिजला गेला. तिथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हेन्स्लो यांनी त्याला भूगर्भशास्त्राकडे वळवले. ऑगस्ट १८३१ मध्ये अ‍ॅडम सेजविक या भूगर्भशास्त्रज्ञाबरोबर तो उत्तर वेल्समध्ये फिरला. थरांचा कल कसा मोजायचा, नकाशावर खडकांची नोंद कशी करायची, हे त्याने तिथे शिकून घेतले. परतल्यावर घरी पत्र येऊन पडले होते. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याचे सर्वेक्षण करण्यासाठी निघालेल्या ‘बीगल’ जहाजावर निसर्ग अभ्यासक म्हणून जाण्याची संधी चालून आली होती. वडिलांचा विरोध होता, पण मामा जोसाया वेजवुड यांनी त्यांचे मन वळवले आणि २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघाले.

जहाजावर कोणते पुस्तक हाती आले?

‘बीगल’चा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय याने डार्विनला एक पुस्तक भेट दिले. चार्ल्स लायल यांच्या भूगर्भशास्त्राच्या तत्त्वांवरील ग्रंथाचा तो पहिला खंड होता. पाऊस, नद्या, भूकंप, ज्वालामुखी या आज दिसणाऱ्या प्रक्रियांनीच भूतकाळातही पृथ्वीला आकार दिला, असा लायल यांचा दावा होता. त्यासाठी एखादा महाप्रलय मानण्याची गरज नाही; गरज आहे ती फक्त भरपूर वेळेची.

त्या काळी अनेक लोक बायबलच्या आधारे पृथ्वीचे वय सुमारे सहा हजार वर्षे धरत. भूगर्भशास्त्रज्ञांनी ही मर्यादा तेव्हा ओलांडली होती, पण पर्वत एखाद्या प्रचंड उलथापालथीत अचानक वर आले, असे मानणारे त्यांच्यातही बरेच होते. लायल बरोबर की त्यांचे विरोधक, हे ठरवायला प्रत्यक्ष पुरावा हवा होता.

जानेवारी १८३२ मध्ये केप व्हर्दे बेटांवर डार्विनला समुद्रकड्यात पाण्यापासून सुमारे ४५ फूट उंचीवर एक पांढरा आडवा पट्टा दिसला. त्यात शंखशिंपले होते आणि वर लाव्हाचा थर. समुद्राचा तळ लाव्हाने झाकला गेला आणि नंतर अलगद वर उचलला गेला, असे त्याने ताडले. भूगर्भशास्त्रावर आपणही पुस्तक लिहू शकतो, हा विचार त्याच्या मनात तिथेच पहिल्यांदा आला.

१८३५ च्या भूकंपात काय घडले?

२० फेब्रुवारी १८३५ रोजी डार्विन चिलीतील वाल्दिव्हियाजवळच्या जंगलात विश्रांती घेत पडला होता. अचानक जमीन हलू लागली. सुमारे दोन मिनिटे हे हादरे चालले. घट्ट आणि अढळ मानलेली जमीन पायाखाली लाटेसारखी हलते, या अनुभवाने तो चक्रावून गेला. त्याच्या महिनाभर आधी, जानेवारीत, चिलोए बेटावरून त्याने ओसोर्नो ज्वालामुखीचा उद्रेकही पाहिला होता.

मार्चच्या सुरुवातीला ‘बीगल’ कोन्सेप्सियोनच्या उपसागरात पोहोचले, तेव्हा शहर ढिगाऱ्यात गेलेले होते. पण डार्विनचे लक्ष किनाऱ्यानेही वेधले. उपसागराभोवतीची जमीन दोन-तीन फूट वर आली होती. जवळच्या सांता मारिया बेटावर फिट्झरॉयने मोजणी केली, तेव्हा बेट आठ ते दहा फूट उचलले गेल्याचे आढळले. खडकांना चिकटलेले कालवांसारखे शिंपले भरतीच्या रेषेच्या बरेच वर कुजत पडले होते. कालपर्यंत समुद्राचा तळ असलेली जागा आज जमीन झाली होती.

डार्विनने यावरून सरळ हिशेब मांडला. वालपराइसोजवळ त्याला समुद्रातले शिंपले सुमारे १,३०० फूट उंचीवर मिळाले होते. एका भूकंपात जमीन काही फूट उचलली जात असेल, तर असे असंख्य भूकंप मिळून टेकडी उभी करू शकतात. आणि पुरेसा काळ मिळाला, तर पर्वतही.

या वादाचा मुंबईशी काय संबंध?

भूकंपाने जमीन उचलली जाते, हे चिलीतून सांगणारा डार्विन पहिला नव्हता. १९ नोव्हेंबर १८२२ च्या भूकंपावेळी लेखिका मारिया ग्रॅहम चिलीच्या किनाऱ्यावर राहत होत्या. या मारिया ग्रॅहम १८०९ मध्ये मुंबईत आल्या होत्या. कार्ल्याच्या लेण्यांसह इथल्या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांचे भारतातील रोजनिशीचे पुस्तक १८१२ मध्ये प्रसिद्ध झाले. चिलीतील भूकंपानंतर किनारा वर आल्याचे आणि शिंपले उघडे पडल्याचे त्यांनी लिहिले. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने हा वृत्तान्त छापला आणि लायल यांनी त्याचा पुरावा म्हणून वापर केला.

सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज ग्रीनो यांना हे पटले नाही. १८३४ मध्ये त्यांनी ग्रॅहम यांचे निरीक्षण जाहीरपणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. ग्रॅहम यांनीही गप्प न बसता त्यांना उत्तर दिले. पुढच्याच वर्षी झालेल्या भूकंपात फिट्झरॉय आणि डार्विन यांनी मोजमापांसह तेच नोंदवले. ४ जानेवारी १८३७ रोजी डार्विनने याच सोसायटीपुढे आपला पहिला भूगर्भशास्त्रीय निबंध वाचला. चिलीचा किनारा अलीकडच्या काळात वर आला आहे, हाच त्याचा विषय होता.

अँडीज ओलांडताना काय दिसले?

भूकंपानंतर महिनाभरात, १८ मार्च १८३५ रोजी, डार्विन सँटियागोहून निघाला. सोबत एक वाटाड्या, एक खेचरवाला, दहा खेचरे आणि खेचरांच्या पुढे चालणारी, गळ्यात घंटा बांधलेली एक घोडी. इथे अँडीज म्हणजे एकच रांग नाही. चिलीच्या बाजूला पिउकेनेस आणि अर्जेंटिनाच्या बाजूला पोर्तियो, अशा दोन रांगा समांतर उभ्या आहेत.

पिउकेनेस खिंड सुमारे चार हजार मीटर उंच आहे. विरळ हवेमुळे तिथे धाप लागते. स्थानिक लोक त्यावर कांदा खाण्याचा उपाय सांगत. डार्विनला मात्र माथ्यावर जीवाश्म शिंपले दिसले आणि त्या आनंदात तो धाप लागल्याचेच विसरला. पुढच्या मुक्कामी बटाटे रात्रभर चुलीवर ठेवूनही शिजले नाहीत. सोबत्यांनी दोष नव्या भांड्याला दिला. खरे कारण हवेचा दाब हे होते. उंचीवर दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानालाच उकळते आणि बटाटे कच्चे राहतात.

पण या प्रवासातला खरा शोध दोन रांगांच्या तुलनेत होता. पिउकेनेसमध्ये समुद्रात साचलेले गाळाचे खडक आणि जिप्समचे जाड थर होते. पोर्तियोमध्ये तांबडा ग्रॅनाइट होता आणि त्याला टेकून पिंडाश्माचे, म्हणजे नदीने वाहून आणलेले गोटे एकत्र घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे, थर होते. त्या गोट्यांमध्ये पिउकेनेसचे, शिंपले असलेले तुकडे होते.

घरफोडीचा तपास करावा तसा डार्विनने इथे क्रम लावला. पिउकेनेसचे गोटे पोर्तियोच्या खडकात सापडतात, म्हणजे पिउकेनेस आधी वर आली आणि झिजू लागली. तिचे गोटे वाहत जाऊन साचले. नंतर ते थरही सुमारे ४५ अंशांत कलंडले, म्हणजे पोर्तियो मुख्यतः त्यानंतर उचलली गेली. पूर्वेची रांग पश्चिमेच्या रांगेपेक्षा नवी होती! संपूर्ण अँडीज एकाच झटक्यात उभा राहिला असता, तर हा क्रम दिसलाच नसता. अर्जेंटिनाच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी अलीकडच्या काळात याच भागातील थरांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हाही पश्चिमेची रांग आधी आणि पूर्वेची नंतर हा क्रम बरोबर ठरला.

दगडी जंगलाचे रहस्य काय?

मेंडोसा शहरात थोडा मुक्काम करून डार्विन उत्तरेकडच्या उस्पायाता खिंडीच्या मार्गाने परत फिरला. या वाटेवरच्या ओसाड डोंगरात, सुमारे सात हजार फुटांवर, त्याला उतारावर पांढरे खांब उभे दिसले. ते खांब म्हणजे दगड झालेली झाडे होती. त्याने ५२ बुंधे मोजले. काहींच्या लाकडाची जागा सिलिकाने घेतली होती, तर बहुतेकांची पांढऱ्या कॅल्साइटने. झाडे जमिनीपासून काही फुटांवर मोडलेली होती, पण जिथे वाढली तिथेच ती उभी होती. इंग्लंडला पाठवलेले नमुने वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी तपासले. ही झाडे सूचिपर्णी गटातील असून त्यांच्यात अ‍ॅरोकेरिया कुळाची लक्षणे आहेत, असे त्यांनी सांगितले.

डार्विनने त्या जागेचा इतिहास असा मांडला : इथे कधी काळी समुद्रकिनारा होता आणि त्यावर झाडे उभी होती. जमीन खचली, झाडे पाण्याखाली गेली, त्यांच्यावर गाळाचे आणि लाव्हाचे थर एकावर एक साचले. नंतर सगळा भाग पुन्हा वर उचलला गेला आणि वरचे थर झिजून झाडे उघडी पडली. एका डोंगरउतारावर जमीन खाली जाण्याची आणि वर येण्याची पूर्ण कहाणी त्याला वाचता आली.

याच वाटेवर पुढे अकोंकाग्वा शिखराजवळ ‘इंकाचा पूल’ लागतो. गरम झऱ्यांतील क्षारांनी दगडगोटे सांधून हा नैसर्गिक पूल तयार केला आहे. डार्विनला मात्र तो त्याच्या भारदस्त नावाला शोभेसा वाटला नाही. १० एप्रिलला तो सँटियागोला परतला.

डार्विनचे काय चुकले?

दगडी जंगलाच्या बाबतीत दोन मोठ्या चुका झाल्या. डार्विनने ते थर भूगर्भीय हिशेबात बरेच अलीकडचे मानले. प्रत्यक्षात ते ट्रायासिक कालखंडातील, म्हणजे २० कोटी वर्षांहूनही जुने निघाले. दुसरे म्हणजे ती झाडे समुद्रात बुडाली नव्हती. जमिनीवरच, नदीच्या मैदानात, ज्वालामुखीच्या राखेने आणि गाळाने ती पुरली गेली होती.

पर्वत का उचलला जातो, याचे उत्तरही चुकले. भूकवचाखाली वितळलेल्या खडकाचा विस्तीर्ण साठा आहे आणि तो वर घुसत राहिल्याने पर्वत उचलला जातो, असे त्याला वाटे. भूकंप आणि ज्वालामुखी यांचे मूळ एकच आहे, हे त्याचे म्हणणे मात्र बरेचसे योग्य होते. त्याचे खरे स्पष्टीकरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूपट्टांच्या सिद्धांताने दिले. पॅसिफिकच्या तळाचा नाझ्का भूपट्ट वर्षाला साधारण साडेसहा ते सात सेंटीमीटर वेगाने दक्षिण अमेरिकेखाली सरकतो. दोन्ही भूपट्ट एकमेकांत अडकतात, ताण साठतो आणि तो सुटला की भूकंप होतो. खोल गेलेल्या भूपट्टातून सुटणाऱ्या पाण्यामुळे वरचा खडक वितळतो आणि ज्वालामुखी तयार होतात. दाबामुळे कवच आखडते, जाड होते आणि अँडीज उंचावतो.

सरळ बेरजेच्या हिशेबातही अडचण होती. भूकंपात उचलल्या गेलेल्या किनाऱ्याचा बराचसा भाग पुढच्या काही दशकांत पुन्हा खाली बसतो; कायम राहतो तो थोडाच. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चिलीच्या जवळपास त्याच पट्ट्यात ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सांता मारिया बेट पुन्हा वर उचलले गेले. फिट्झरॉयची १७५ वर्षांपूर्वीची मोजमापे त्या वेळी शास्त्रज्ञांना तुलनेसाठी उपयोगी पडली.

अँडीजचा धडा डार्विनने जरा जास्तच मनावर घेतला होता. १८३८ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लेन रॉय खोऱ्यातल्या आडव्या समांतर कडा पाहून त्या जुन्या समुद्रकिनाऱ्याच्या खुणा आहेत, असे त्याने जाहीर केले. प्रत्यक्षात हिमनदीने अडवलेल्या तलावांच्या त्या काठरेषा होत्या. १८६१ मध्ये त्याने ही चूक मान्य केली.

उत्क्रांतीशी याचा संबंध काय?

पहिला संबंध काळाचा. शिंपले चार हजार मीटरवर जायला अगणित लहान धक्के लागत असतील, तर पृथ्वीचे वय विलक्षण मोठे असले पाहिजे. लहान बदल साठत जाऊन प्रचंड परिणाम होतो, हे डार्विनने आधी पर्वतात पाहिले आणि नंतर सजीवांना लावले. दुसरा संबंध अडथळ्याचा. अँडीजच्या दोन बाजूंना हवामान आणि माती फारशी वेगळी नसतानाही वनस्पती आणि प्राणी मात्र वेगळे आहेत, हे त्याच्या लक्षात आले. याचे कारण त्याने पर्वताच्या वयात शोधले. हे जीव अस्तित्वात आले, त्याआधीपासून ही भिंत उभी होती.

ऑक्टोबर १८३६ मध्ये इंग्लंडला परतल्यावर तो जिऑलॉजिकल सोसायटीचा सदस्य आणि पुढे सचिव झाला. प्रवाळबेटे (१८४२), ज्वालामुखीय बेटे (१८४४) आणि दक्षिण अमेरिका (१८४६) अशी भूगर्भशास्त्रावरची तीन पुस्तके त्याने लिहिली. दरम्यान १८३९ मध्ये एमा वेजवुडशी त्याचे लग्न झाले आणि १८४२ मध्ये कुटुंब डाउन गावी राहायला गेले. सततच्या आजारपणामुळे पुढे त्याला लांबचे प्रवास जमले नाहीत. मेंडोसाजवळच्या गावात त्याला चावलेल्या ढेकणासारख्या किड्याशी काही जण या आजाराचा संबंध जोडतात, पण ते सिद्ध झालेले नाही. फेब्रुवारी १८५९ मध्ये सोसायटीने त्याला वोलास्टन पदक दिले. उत्क्रांतीवरचे पुस्तक आले ते त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला. म्हणजे भूगर्भशास्त्रातला सर्वोच्च सन्मान त्याच्याकडे आधीच होता.

काळाचा हिशेब पुन्हा कसा अडला?

डार्विनला सर्वांत जास्त बोचलेला आक्षेप काळाचाच होता. उत्क्रांतीच्या पुस्तकात त्याने दक्षिण इंग्लंडमधील वील्ड खोरे झिजायला ३० कोटी वर्षे लागली असावीत, असा अंदाज दिला. त्यावर टीका झाल्यावर १८६१ च्या आवृत्तीतून तो काढून टाकला. १८६२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून तिचे वय २ ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान असल्याचे गणित मांडले आणि नंतर ते आणखी खाली आणले. अँडीजमध्ये मिळालेला अमाप वेळ भौतिकशास्त्र हिरावून घेत होते. केल्विनच्या समीकरणांना डार्विनकडे उत्तर नव्हते. होते ते फक्त खडक.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विनचा मृत्यू झाला, तेव्हाही हा प्रश्न सुटलेला नव्हता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत, न्यूटनच्या समाधीपासून जवळच त्याचे दफन झाले. किरणोत्सर्गाचा शोध लागला १८९६ मध्ये. त्यातून मिळणारी उष्णता धरली तर केल्विनची मर्यादा टिकत नाही, हे १९०३ मध्ये ज्यांनी लक्षात आणून दिले, त्यांत डार्विनचा मुलगा जॉर्ज हाही होता. पृथ्वीचे वय आज सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते.

उस्पायाताच्या डोंगरात डार्विनच्या त्या जंगलाची आठवण सांगणारा फलक आज उभा आहे. तिथल्या झाडांचे वय त्याला कळले नव्हते. मात्र ते मोजायला काही हजार वर्षांचा हिशेब पुरणार नाही, हे त्याने त्या पांढऱ्या बुंध्यांपुढे ओळखले होते.